कीटकांच्या डोळ्यांवर बेतलेले कृत्रिम दृष्टिसेन्सर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या विषयावर तेच ते प्रश्न फिरून फिरून येतात. काही अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचे, काही ड्रोन बांधणाऱ्यांचे, बाकीचे निव्वळ कुतूहलापोटी विचारलेले. सोपे आधी आणि अडचणीचे नंतर असे लावले आहेत. उत्तर दुसरीकडे येऊन गेलं असेल तिथे फक्त क्रमांक दिला आहे.

१. कीटकाला एकाच वस्तूची हजार छोटी छोटी चित्रं दिसतात, हे खरं का?

नाही. समजूत जुनी आहे आणि ती उगाच पडलेली नाही. सतराव्या शतकात लेव्हेनहूकने कीटकाच्या डोळ्याचा बाहेरचा पापुद्रा सोलून सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि त्यातून मेणबत्तीकडे पाहिलं. त्याला शेकडो उलट्या ज्योती दिसल्या. पण भिंगांमागचा जिवंत भाग तोवर निघून गेला होता. तो नुसत्या भिंगांतून पाहत होता.

मधमाशीच्या संयुक्त डोळ्यात प्रत्येक भिंगाखाली प्रकाशग्राही पेशींचा एक बारीक दांडा असतो. भिंग आणि दांडा मिळून एक नेत्रिका. ही नेत्रिका चित्र पाहत नाही, एका दिशेचा उजेड मोजते. एक नेत्रिका, एक ठिपका. सगळे ठिपके मिळून एकच, सरळ आणि बरंच भरड चित्र तयार होतं. १८९१ साली व्हिएन्नाच्या सिग्मुंड एक्सनरने काजव्याच्या डोळ्यातून घेतलेलं छायाचित्र प्रसिद्ध केलं. त्यात खिडकी आहे, तिच्यापलीकडचं चर्च आहे, आणि दोन्ही एकेकदाच. काजव्याचा डोळा जरा वेगळ्या धाटणीचा, म्हणजे अनेक भिंगांचा उजेड एका जागी आणणारा असतो. पण तिथेही चित्र एकच.

२. माणसाचा डोळा इतका सरस असताना कीटकाची नक्कल कशाला?

कारण कीटकाला परवडतं ते यंत्रालाही परवडतं. फळमाशीच्या एका डोळ्यात साडेसातशे-आठशे नेत्रिका असतात, कामकरी मधमाशीत पाच हजारांच्या आसपास, मोठ्या चतुरात तीस हजारांच्या घरात. फोनच्या कॅमेऱ्यात पिक्सेल कोटींनी मोजतात. फळमाशीच्या अख्ख्या मेंदूचा नकाशा २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात चेतापेशी भरल्या १,३९,२५५. त्यातल्या निम्म्याहून जास्त दृष्टीच्याच कामाला जुंपलेल्या आहेत. एवढ्याशा भांडवलावर ती माशी तुमचा हात खाली यायच्या आत उडालेली असते.

माशी जग बारकाईने पाहत नाही. तिला लागतं तेवढंच ठेवते आणि बाकीचं डोळ्याच्या पहिल्या एक-दोन थरांतच टाकून देते. माझ्या मते या सगळ्या विषयातली शिकण्यासारखी गोष्ट ही आहे. भिंगांची संख्या त्यामानाने दुय्यम.

३. न्यूरोमॉर्फिक म्हणजे एआयच ना?

नाही. एआयचं जाळं नेहमीच्या चिपवर चालवलं तर ते सॉफ्टवेअर झालं. न्यूरोमॉर्फिकमध्ये चिपची घडणच चेतासंस्थेसारखी असते. हिशोब आणि स्मृती शेजारी शेजारी असतात, घड्याळाच्या ठोक्यावर सगळं एकदम हलत नाही, आणि काही घडलं तरच वीज खर्च होते. १९८०च्या दशकात कॅलटेकमध्ये कार्व्हर मीड यांनी हा विचार रुजवला. त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या मिशा माहोवाल्ड यांनी सिलिकॉनचा दृष्टिपटल बनवला. आजचे इव्हेंट कॅमेरे (प्रश्न ५) त्याच घराण्यातले.

४. ‘कीटकप्रेरित’ म्हणवणाऱ्या सेन्सरमध्ये कीटकाचं नेमकं काय घेतलेलं असतं?

तीनपैकी एखादी गोष्ट, क्वचित दोन. पहिली, भिंगांची वक्र मांडणी (प्रश्न ९). दुसरी, पिक्सेलची वागणूक, म्हणजे उजेड किती आहे यापेक्षा तो किती बदलला हे सांगणं (प्रश्न ५). तिसरी, पिक्सेलमागची जोडणी, जिच्यामुळे दिशा, वेग किंवा टक्कर कळते (प्रश्न ६ ते ८). एखाद्या बातमीत ‘माशीसारखा डोळा’ असं वाचलंत तर यातलं कोणतं, एवढंच आधी पाहा. निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

५. इव्हेंट कॅमेरा म्हणजेच कीटकाचा डोळा का? त्याचा पिक्सेल काय करतो?

आधी पिक्सेल. साधा कॅमेरा सेकंदाला ३० चित्रं घेत असेल तर दोन चित्रांमध्ये ३३ मिलीसेकंदं तो आंधळा असतो, आणि भिंत जागची हलली नाही तरी ती ३० वेळा पाठवतो. इव्हेंट कॅमेऱ्यात प्रत्येक पिक्सेल स्वतंत्र असतो. समजा त्याचा उंबरठा १५ टक्के आहे आणि त्याच्यावर १०० एकक उजेड पडतोय. तो ११५ झाला की पिक्सेल ‘वाढला’ एवढंच कळवतो, सोबत स्वतःचा पत्ता आणि वेळ. पुढची तुलना ११५शी. उन्हात तोच पिक्सेल १०,००० वर असेल तर ११,५०० ला बोलेल. बदल पटीत मोजल्यामुळे सावली आणि ऊन त्याला सारखंच. २००८ मध्ये झुरिकच्या गटाने मांडलेल्या १२८ × १२८ पिक्सेलच्या सेन्सरची प्रतिसादाची वेळ १५ मायक्रोसेकंद होती आणि आवाका १२० डेसिबल, म्हणजे सर्वांत उजळ आणि सर्वांत अंधारा भाग यांत दहा लाखाला एक इतका फरक असला तरी चालेल.

असा कॅमेरा पहिल्यांदा टेबलावर मांडणाऱ्याला हमखास वाटतं की तो बिघडलाय. पडदा कोरा. मग हात हलवला की बोटांच्या फक्त कडा उमटतात. हात थांबला की बोटं विरून जातात.

आता पहिला भाग. या पिक्सेलची मूळ प्रेरणा पृष्ठवंशीय प्राण्यांच्या दृष्टिपटलाची आहे, कीटकाची नव्हे. साम्य मात्र खरं आहे. माशीतही पहिल्या थरानंतर ‘उजळलं’ आणि ‘अंधारलं’ यांच्या वाटा वेगळ्या होतात. म्हणून इव्हेंट कॅमेऱ्यामागे कीटकाची जोडणी लावणं सोपं जातं आणि पुष्कळ जण तेच करतात.

६. दोनच पिक्सेलवरून हालचालीची दिशा कशी कळते?

ही या विषयातली सगळ्यात देखणी युक्ती. १९५६ मध्ये हासेनश्टाइन आणि राइखार्ट या जर्मन शास्त्रज्ञांनी ती एका सोंडकिड्याकडून काढून घेतली. किडा पाठीला धरून अधांतरी ठेवला आणि त्याच्या पायांत काड्यांचा एक हलका पोकळ गोळा दिला. किडा चालायला लागला की तो जागच्या जागी आणि गोळा पायाखालून सरकतो. गोळ्यावर थोड्या थोड्या अंतरावर काडीला दोन फाटे. भोवती पट्टे फिरत असताना किडा प्रत्येक फाट्यावर डावीकडे वळतो की उजवीकडे, हे मोजत बसायचं.

त्यातून निघालेलं गणित असं. शेजारचे दोन पिक्सेल घ्या, डावा आणि उजवा. डाव्याचा संकेत जरा उशिराने सोडा आणि उजव्याच्या ताज्या संकेताशी गुणा. वस्तू डावीकडून उजवीकडे गेली तर डाव्याचा उशिराचा आणि उजव्याचा ताजा संकेत एकाच वेळी पोहोचतात, गुणाकार मोठा येतो. उलट दिशेने गेली तर त्यांची चुकामूक होते. हाच प्रकार आरशातल्यासारखा उलटा करून दुसऱ्या बाजूनेही करा आणि दोन्हींची वजाबाकी करा. चिन्ह दिशा सांगतं.

फळमाशीत हे काम टी४ आणि टी५ नावाच्या पेशींत होतं हे २०१३ मध्ये दाखवलं गेलं. टी४ उजळणाऱ्या कडांसाठी, टी५ अंधारणाऱ्या कडांसाठी, आणि दोन्हींच्या चार चार जाती, चार दिशांसाठी. खऱ्या पेशी हुबेहूब गुणाकारच करतात असं नाही, पण चिपवर उतरवायला हा नमुना पुरतो.

७. टोळाच्या ‘टक्कर ओळखणाऱ्या’ पेशीचं एवढं कौतुक का?

कारण ती एकटी पेशी एका प्रश्नाचं उत्तर देते: काहीतरी माझ्यावर येतंय का? इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला एलजीएमडी म्हणतात.

तिला काय दिसतं ते आकड्यांत पाहा. एक मीटर रुंद वस्तू सरळ तुमच्याकडे येतेय. १० मीटरवर ती ५.७ अंश व्यापते. ५ मीटरवर ११.४. २ मीटरवर २८. १ मीटरवर ५३. पहिल्या पाच मीटरांत जेमतेम सहा अंशांची वाढ आणि २ वरून १ मीटरवर येताना एकाच मीटरात पंचवीस. आडव्या जाणाऱ्या वस्तूची वाढ अशी भडकत नाही. टोळाच्या पेशीत उत्तेजन आणि निरोध यांची शर्यत लागलेली असते. कडा वेगाने पसरत गेल्या तरच उत्तेजन पुढे निघतं आणि पेशी कडाडते, नाहीतर निरोध तिला गप्प बसवतो.

२०२० मध्ये अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाच्या गटाने हीच शर्यत एका उपकरणात बसवली. मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा प्रकाशसंवेदक प्रवाह वाढवतो आणि खालचा स्मृतीचा थर तो कमी करत राहतो. वस्तू जवळ येताना प्रवाह आधी घटतो आणि एका क्षणी उसळतो. ती उसळी म्हणजे इशारा. खर्च नॅनोज्यूलच्या पातळीवर. कॅमेरा नाही, चित्र नाही, प्रोसेसर नाही.

८. मधमाशीला अंतर कसं कळतं? ड्रोनला ते वापरता येतं का?

मधमाशी अंतर मोजत नाही, डोळ्यांसमोरून सरकणाऱ्या दृश्याचा ओघ मोजते. मंड्यम श्रीनिवासन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की बोगद्यातून जाताना ती दोन्ही भिंतींचा ओघ सारखा ठेवते, म्हणून मधून उडते. एका भिंतीवरचे पट्टे सरकवले तर ती बाजूला ढळते. २००० सालचा प्रयोग तर मजेशीर आहे. सुमारे ६ मीटरच्या अरुंद, नक्षीदार बोगद्यातून जाऊन आलेल्या माश्यांनी पोळ्यात नाचून अन्न दोनशे मीटरच्या घरात असल्याचं सांगितलं. भिंती अगदी जवळ, म्हणून ओघ जोरात, म्हणून प्रवास लांबचा वाटला.

ड्रोनला याचा फायदा आणि फसगत दोन्ही इथेच आहेत. ओघ म्हणजे वेग भागिले अंतर. दोन्ही दुप्पट झाले तर ओघ तसाच राहतो. उतरताना मात्र हे पथ्यावर पडतं: ओघ कायम ठेवत खाली आलं की उंचीबरोबर वेगही आपोआप कमी होत जातो, जमीन किती खाली आहे हे ठाऊक नसलं तरी.

दुसरी अडचण वळण्याची. जागच्या जागी गिरकी घेतली की लांबचं-जवळचं सगळं सारख्याच कोनीय वेगाने सरकतं, अंतराची माहिती शून्य. म्हणून माशा सरळ उडतात आणि मध्येच झटक्यात वळतात. फळमाशी ९० अंशांचं वळण १०० मिलीसेकंदांच्या आत उरकते. ड्रोनला एकतर तसंच उडवा किंवा जायरोस्कोपने गिरकीचा ओघ वजा करा.

९. खरोखरचा वक्र, अनेक भिंगांचा डोळा कोणी बनवलाय का?

हो. २०१३ मध्ये दोन गाजले. इलिनॉयच्या गटाने सपाट बनवलेलं लवचीक जाळं फुगवून अर्धगोल केलं. त्यात १८० कृत्रिम नेत्रिका होत्या आणि आवाका सुमारे १६० अंश. युरोपातल्या ‘कर्व्हएस’ प्रकल्पात ६३० नेत्रिका, १८० × ६० अंशांचं दृश्य आणि वजन १.७५ ग्रॅम. त्यात भिंगं, चिप आणि लवचीक सर्किट आधी सपाटच चिकटवली, मग करवतीने उभे स्तंभ कापले आणि ते वाकवले. २०२४ मध्ये हाँगकाँगमधून पेरोव्स्काइटच्या नॅनोतारांचा, भिंगांऐवजी सूक्ष्म छिद्रं वापरणारा अर्धगोल डोळा आला.

दिसायला हे विलक्षण. पण बहुतेक नमुने प्रयोगशाळेतच राहिले, कारण सिलिकॉन वाकत नाही आणि प्रत्येक नेत्रिकेची तार बाहेर काढावी लागते. रुंद दृश्यच हवं असेल तर फिशआय भिंग पुष्कळ स्वस्त.

१०. मग नेत्रिका वाढवून फोनच्या तोडीचा संयुक्त डोळा का बनवत नाहीत?

प्रकाश आडवा येतो. भिंग जितकं लहान, तितका उजेड विवर्तनाने पसरतो. पसरण्याचा कोन साधारण तरंगलांबी भागिले भिंगाचा व्यास. ०.५ मायक्रोमीटरचा उजेड आणि २५ मायक्रोमीटरचं भिंग घ्या: ०.०२ रेडियन, म्हणजे सव्वा अंशाच्या आत. मधमाशीच्या शेजारच्या दोन नेत्रिकांमधला कोनही अंशाच्या आसपासच असतो. निसर्गाने तिथे काही शिल्लक ठेवलेलं नाही. बारीक दिसायला भिंगं मोठी हवीत आणि संख्येनेही जास्त, त्यामुळे डोळा झपाट्याने फुगतो. माणसाइतकं स्पष्ट पाहणारा संयुक्त डोळा किमान मीटरभर व्यासाचा लागेल, असा जर्मन शास्त्रज्ञ किर्शफेल्ड यांचा हिशोब आहे.

११. मी प्रश्न ६ मधला नमुना सिम्युलेट केला. बारीक पट्टे दिले की दिशा उलटी येते. कोड चुकलाय का?

बहुधा नाही. पट्ट्यांच्या एका जोडीची रुंदी दोन पिक्सेलमधल्या कोनाच्या दुपटीपेक्षा कमी झाली की नमुना पट्टे मागे जाताना पाहतो. जिवंत माशीही फसते. फळमाशीच्या नेत्रिकांत सुमारे ५ अंशांचं अंतर असतं, त्यामुळे १० अंशांहून बारीक पट्टे दिले की ती उलटीकडे वळते. उपाय म्हणजे आधी चित्र थोडं धूसर करणं. कीटकाच्या भिंगाचा धूसरपणा आयताच हे काम करतो.

आणखी एक. या नमुन्याचं उत्तर वेगाचा काटा समजू नका. ते पट्ट्यांच्या रुंदीवर आणि काळ्या-पांढऱ्यातल्या फरकावरही हलतं. दिशा पक्की, वेग अंदाजे.

१२. ‘सेन्सरमध्येच हिशोब’ म्हणजे काय? नवनव्या पदार्थांची गरज काय?

नेहमीच्या रचनेत उजेडाचा आकडा होतो, आकडा स्मृतीत जातो, तिथून प्रोसेसरकडे, आणि सगळी वीज या हेलपाट्यांत जाते. प्रकाशसंवेदकाची संवेदनशीलता स्वतःच बदलता आली तर तीच एआयच्या जाळ्यातलं ‘वजन’, म्हणजे कोणत्या संकेताला किती महत्त्व द्यायचं तो आकडा, होते, आणि उजेड पडता पडता बेरीज-गुणाकार उरकतो. २०२० मध्ये व्हिएन्नाच्या गटाने टंगस्टन डायसेलेनाइडच्या मोजक्या फोटोडायोडवर हे करून दाखवलं, साध्या अक्षरांची ओळख नॅनोसेकंदांत. असे पातळ पदार्थ उजेडाला प्रतिसादही देतात आणि मागचा उजेड थोडा वेळ लक्षातही ठेवतात, म्हणून त्यांची हौस. अडचण एकच: हजार पिक्सेल एकसारखे वागतील असं बनवणं. एका उपकरणावरच्या निबंधातून लाख पिक्सेलच्या सेन्सरची स्वप्नं पाहू नका.

१३. सेन्सर स्पाइक पाठवत नसेल तर तो न्यूरोमॉर्फिक कसा?

स्पाइक म्हणजे चेतापेशीचे तुटक विद्युत ठोके. ते नसले तरी अगदी चालतं. कीटकाच्या डोळ्याच्या पहिल्या थरांत स्पाइक जवळपास नसतातच, व्होल्टेज हळूहळू वरखाली होतं. अंतर कमी असेल तर असा चढउतार स्पाइकपेक्षा जास्त माहिती वाहून नेतो. स्पाइक लागतात लांब पाठवायला. २०२३ मध्ये हाँगकाँगच्या गटाने याच धर्तीवर मॉलिब्डेनम डायसल्फाइडचे फोटोट्रान्झिस्टर बनवले. त्यांच्यात मागच्या काही क्षणांची छटा उरते आणि एकाच चित्रात हालचाल वाचता येते. ‘स्पाइक नाही म्हणजे न्यूरोमॉर्फिक नाही’ हा आग्रह मला सोवळ्याओवळ्यासारखा वाटतो.

१४. वीज खरंच वाचते का?

वाचते, पण आकडा कशाचा दिलाय ते बघा. २०२४ मध्ये डेल्फ्टच्या गटाने इव्हेंट कॅमेरा आणि इंटेलची लोइही चिप यांवर ड्रोन उडवला, दृष्टीपासून नियंत्रणापर्यंत सगळं न्यूरोमॉर्फिक. जाळं चालवायला जादा खर्च ७ ते १२ मिलीवॉट. आणि चिप नुसती चालू ठेवायला? ०.९४ वॉट. दोन्ही आकडे त्यांनी प्रामाणिकपणे शेजारी दिले आहेत, सगळे देत नाहीत. प्रश्न ७ मधले नॅनोज्यूलही एका उपकरणाचे आहेत, गाडीत बसवलेल्या पूर्ण यंत्रणेचे नव्हेत.

१५. इव्हेंट कॅमेरा कुठे फसतो?

दिव्यांपुढे. ५० हर्ट्झच्या विजेवरचा दिवा सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो. आपल्याला कळत नाही, पिक्सेलला कळतं आणि तो इव्हेंटचा भडिमार करतो. बरेच सेन्सर ही वारंवारता गाळायची सोय देतात, ती वापरा. अंधारात पिक्सेल विनाकारण बडबडतात. आणि कॅमेराच हलत असेल तर सगळंच जग इव्हेंट होतं, ‘फक्त बदल’ ही बचत संपते. तेव्हा प्रश्न ८ मधली वजाबाकी करावीच लागते.

१६. जीपीएसशिवाय दिशा कळायला कीटकांचं काही उपयोगी पडतं का?

पडतं. वाळवंटी मुंगी आकाशातल्या ध्रुवित (एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या) प्रकाशाचा होकायंत्रासारखा उपयोग करते, त्यासाठी डोळ्याच्या वरच्या कडेला खास नेत्रिका असतात. मार्सेय इथल्या ‘अँटबॉट’ या सहा पायांच्या रोबोने २०१९ मध्ये हेच केलं. अतिनील प्रकाशाचे दोन पिक्सेल, त्यांवर फिरणारे ध्रुवक, आणि घरी परतायची वाट. दोन पिक्सेल, हे पुन्हा वाचा.

१७. मँटिस श्रिंप, उडी मारणारा कोळी, ‘मॉथ-आय’ फिल्म हे यातच येतं का?

मँटिस श्रिंप कवचधारी, कोळी अष्टपाद, दोन्ही कीटक नव्हेत. त्यांच्यावरून बेतलेले सेन्सर आहेत, पण घराणं वेगळं. ‘मॉथ-आय’ फिल्म पतंगाच्या डोळ्यावरचे सूक्ष्म उंचवटे घेऊन चकाकी घालवते. ती कीटकप्रेरित आहे, न्यूरोमॉर्फिक नाही.

१८. इव्हेंट कॅमेरा परवडत नाही. सुरुवात कशी करू?

साध्या वेबकॅमने. चित्र ४० × ३० पर्यंत लहान करा, प्रत्येक पिक्सेलचा लॉगरिदम घ्या, शेवटच्या इव्हेंटच्या वेळी आलेला हा आकडा जपून ठेवा आणि १५ टक्क्यांपलीकडे बदल झाला तरच ठिपका काढा. त्यावर प्रश्न ६ चा नमुना बसवा. वेळेची सूक्ष्मता मिळणार नाही, बाकी सगळं कळेल. दुसरा मार्ग म्हणजे जुना ऑप्टिकल माउस उघडणं. त्याच्या पोटात काही शे पिक्सेलचा एक कॅमेरा असतो, तो सेकंदाला हजारावर वेळा खालचा पृष्ठभाग पाहतो आणि चित्र कुणालाही न दाखवता फक्त ‘इतकं डावीकडे, इतकं पुढे’ एवढंच बाहेर पाठवतो.